कातिनाचा वाटा

मंगळवार, ३ मार्च १९५९. रक्कम नऊ रुपये दहा आणे. काम : तांब्याच्या सात भांड्यांना कल्हई. चार मोठी, दर एक रुपया बारा आणे. तीन लहान, दर चौदा आणे. घेणारा इराणी कल्हईवाला, देणारा मी, हजर माझी बायको खैरुन्निसा. ज्याची भांडी होती तो हजर नव्हता. तो इस्पितळात होता आणि त्याला विचारलं नव्हतं.

ही नोंद माझ्या डायरीतली आहे. स्टेलिओबद्दल काही लिहायचं झालं की मी आधी हे पान उघडतो, कारण त्याच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती याच पानावर आहे, आणि चूक आधी सांगून टाकलेली बरी.

तेव्हा आम्ही कुवेतमध्ये मिरकाब मोहल्ल्यात राहत होतो. मातीचं जुनं घर, मध्ये अंगण. खालच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आमच्याकडे, वरच्या दोन खोल्या स्टेलिओकडे. मी जकातीच्या धक्क्यावर माल सोडवणाऱ्या एका पेढीत कारकून होतो. पेट्यांच्या याद्या करणं, वजनं, मापं, किमती भरणं, हे माझं काम. आमची मुलगी जमिला गावी, बाणकोटच्या खाडीजवळ, तिच्या आजीकडे शिकत होती. मी दर वर्षी हिशोब मांडायचो आणि दर वर्षी तो "पुढच्या वर्षी आणू" इथे येऊन थांबायचा.

स्टेलिओ ग्रीक होता. इमारती बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे भांडारपाल. उंच, वाकलेला, कायम बंद गळ्याचा पांढरा शर्ट. त्याच्या हाताखाली सगळे हिंदी लोक, त्यामुळे तो हिंदी बोले. अरबी त्याला येत होतीच, आणि लहानपणची तुर्की अध्येमध्ये डोकावायची. मला तो "हुसेन एफेंदी", म्हणजे तुर्कीत साहेब, म्हणे, बायकोला "भाबी". आमचं बोलणं या सगळ्याच्या खिचडीत चाले. मी इथे ते मराठीत लिहितो आहे.

आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यातच खैरू मला म्हणाली, "वर बाई हाय."

"नाही. एकटाच आहे तो. घरमालकाने सांगितलंय."

"मग दार कोणाला वाजवतो?"

मी लक्ष ठेवलं. संध्याकाळी साडेपाचला तो कामावरून येई. जिना चढे, पुढची खोली कुलूप काढून उघडे. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन बोटाच्या पेराने दोन टकटक करी. थांबे. मी घड्याळ लावून पाहिलं, पंधरा ते वीस सेकंद. मग दार ढकलून आत जाई. त्या खोलीत कोणी नव्हतं. तिथे त्याचं गाव होतं.

हे मी लिहिलं ते जसंच्या तसं त्याचं बोलणं आहे. पहिल्यांदा त्याने मला आत नेलं तेव्हा तो म्हणाला, "या, हुसेन एफेंदी, हे आमचं गाव." खोली बारा फूट बाय नऊ फूट. भिंतीला फळ्या, फळ्यांवर वस्तू. पावावर उठवायचे लाकडी शिक्के. मागाचे धोटे. न्हाव्याची पितळी परात, गळ्यापाशी लावायला कडेला चंद्रकोरीसारखी खाच असलेली. रेशमाचे किडे वाढवायची टोपली. नवरीची पोलकी दोन. शाळेची घंटा, जीभ नसलेली. आणि एका भिंतीवर खिळ्यांना लावलेल्या दारांच्या किल्ल्या, एक्केचाळीस. या किल्ल्यांवरून मोहल्ल्यातले अरब त्याला अबू मफातीह म्हणत, किल्ल्यांचा बाप.

गाव तुर्कस्तानात होतं. बावीस सालच्या सप्टेंबरात तिथल्या सगळ्या ग्रीकांना बाहेर पडावं लागलं. त्या वेळी स्टेलिओ चौदा वर्षांचा होता. गावाचं नाव त्याने मला सांगितलं होतं, पण ते नाव आता नकाशावर नाही, म्हणून लिहीत नाही. माणसं पांगली. कोणी ग्रीसमध्ये, कोणी अलेक्झांड्रियाला, कोणी बसऱ्याला. स्टेलिओला दोन वर्षांनी एकदा रजा मिळे. त्या रजेत तो त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना शोधत फिरायचा आणि निघताना त्यांनी अंगावर, गाठोड्यात काय आणलं होतं ते मागून घ्यायचा. मी एकदा अंदाज केला होता, त्याचा निम्मा पगार या फिरण्यात जात असावा. ग्रीसमधल्या एका लहानशा गावात ही माणसं जास्त करून वसली होती. तिथल्या शाळेने दोन खोल्या संग्रहालयासाठी काढून ठेवल्या होत्या आणि तिथला चिटणीस त्याला पत्रं लिहीत होता, वस्तू कधी पाठवता?

प्रत्येक वस्तूला जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर वस्तूचं नाव नाही. माणसाचं. मी कारकुनी सवयीने म्हटलं, "हा पितळी चमचा, लांब दांड्याचा..."

"हा इव्हान्थियाचा," तो म्हणाला. "तिला सहा मुलं. सगळ्यात लहान्याला याने मारायची. जोरात नाही. चमचा कोणीही बघून ओळखेल. आधी माणूस लिहा."

एकदा एक इंग्रज इंजिनियर आला. त्याच्या बायकोला नवरीचं पोलकं हवं होतं. दोनशे रुपये देतो म्हणाला. त्या वेळी तो माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त आकडा होता. स्टेलिओने कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "तिला विचारा." इंजिनियर हसला. स्टेलिओ हसला नाही. इंजिनियरने खुर्चीकडे पाहिलं, मग टोपी घातली आणि निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं जरा भरभर वाजली असं मला वाटलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुपारी स्टेलिओ कामावर असताना वरून खुर्ची सरकल्यासारखा आवाज येतो असं खैरू सांगायची. मी तिला समजावलं, छताचे वासे समुद्रापारहून आलेल्या खारफुटीचे आहेत, उन्हाने ताणतात, वाजतात. ती म्हणे, "मग आपल्या डोक्यावरचे वाजत नाय ते?" एका शुक्रवारी मी घरी होतो. आवाज मीही ऐकला. वास्याचाच असणार.

किल्ल्यांची एक गोष्ट सांगायला हवी. घरमालक अबू खालिद पूर्वी गलबतावर होता, रत्नागिरीची कौलं आणि लाकूड त्याने पुष्कळ वाहिलं होतं, म्हणून आमच्यावर त्याचा जीव. त्याच्या तळघराच्या कुलपाची किल्ली हरवली. मी सहज म्हणालो, "स्टेलिओ, तुझ्या एक्केचाळीस किल्ल्यांतली एखादी लावून बघू. जुनी कुलपं सारखीच असतात."

त्याचा चेहरा उतरला. "नको."

"का? बिघडणार तर नाही."

"आणि उघडलं तर?" तो म्हणाला. "दार उघडलं आणि आत त्यांचं घर असलं, तर मी काय करू? ते आत बसले असतील. मी त्यांना काय सांगू, इतकी वर्षं का नाही आलो?"

अबू खालिदने कुलूप तोडलं. आत तांदळाची दोन पोती आणि घुशी निघाल्या.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात नगरपालिकेची माणसं दोऱ्या घेऊन मोजणीला आली. जुनं शहर पाडून रस्ते करायचे होते आणि आमच्या गल्लीवर खूण पडली. अबू खालिदला घराचे इतके पैसे मिळणार होते की तो रोज आकडा मला पुन्हा विचारायचा. स्टेलिओला मात्र आता वस्तू हलवाव्याच लागणार होत्या. चिटणिसाने लिहिलं होतं, मे महिन्याच्या आत माल पोचला तर शाळेच्या खोल्या तुमच्या, नाहीतर त्या गावच्या सहकारी सोसायटीला धान्यासाठी देतील. तो माझ्याकडे आला. "एफेंदी, यादी तुम्ही करा. तुमचं काम आहे."

सहा पेट्या ठरल्या. मी मापाप्रमाणे मांडणी केली. जड तळाला, काचेचं मध्ये. त्याने यादी पाहिली आणि दुसऱ्या पेटीवर बोट ठेवलं.

"न्हाव्याची परात आणि मामास नावाच्या शिंप्याची कात्री एकत्र नको."

"का? मापात बसतात."

"अबोला आहे. विहिरीवरून. सोळा सालापासून."

"दोघे आहेत का जिवंत?"

"नाहीत. पण मी मिटवणारा कोण?"

मी पेटी बदलली. सात इंच जागा वाया गेली. खैरूला सांगितलं तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या चुलत्यांची भांडी असतीत तर गलबतं दोन लागली असतीत."

किमतीच्या रकान्यात तो काही भरू देईना. विम्याला किंमत लागते, जकातीला लागते, मी परोपरीने सांगितलं. "कोणाची किंमत?" एवढंच तो विचारी. शेवटी मी पेन्सिलीने लिहीन, तू बघू नकोस, असं ठरलं.

आता भांड्यांकडे येतो. वरच्या खोलीत तांब्याची सात भांडी होती. सहा हिरवटलेली, जुनी, जशी असतात तशी. सातवं एक पातेलं, झाकणासकट, साधारण पाच शेर मावेल असं. ते फळीवर नव्हतं. खिडकीजवळ तिवईवर एकटं होतं आणि झाकण किंचित तिरकं ठेवलेलं असे. आत तळाला काळं, जळकं, दगडासारखं काहीतरी लागलेलं होतं. ईदला शेवया द्यायला वर गेलेल्या खैरूने ते पाहिलं होतं. खाली येऊन ती अस्वस्थ झाली. खरकटं भांडं रात्रभर ठेवायचं नाही, ही आमच्या बायकांची जुनी शिस्त. घरातली बरकत जाते. आणि हे तर वर्षानुवर्षांचं. तिने दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "भाईजान, भांडं घासून देऊ?" तो फक्त "नाही" म्हणाला. एरवी तो तिच्याशी इतका अदबीने बोलायचा, की त्या एका शब्दाने ती दुखावली.

यादीत ते पातेलं पहिल्या क्रमांकावर होतं. तो मला म्हणाला, "लिहा, जेवणासकट."

मी म्हटलं, "खाण्याचा पदार्थ लिहिला तर आरोग्य खात्याचा दाखला लागतो. पेटी अडकेल."

"पण आत आहे."

"ते जळकं आहे, स्टेलिओ."

मी लिहिलं, "तांब्याचं पातेलं, एक, झाकणासह, रिकामं." त्याने का ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी यादी पुरी करण्याच्या घाईत होतो. पाच पेट्यांना खिळे ठोकले गेले. सहावी उघडी राहिली. भांडी तिच्यात जायची होती आणि तो रोज म्हणे, उद्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला मूतखड्याचा त्रास होऊन इस्पितळात नेलं. जाताना दोन्ही किल्ल्या खैरूकडे दिल्या. "भाबी, सकाळी खिडक्या उघडा. आत जाताना दार वाजवा." ती रोज वाजवायची. मी विचारलं, "थांबतेस का?" तर म्हणाली, "थांबते. काय बिघडलं?"

रमजान आठवड्यावर आला होता. रमजानच्या आधी भांड्यांना कल्हई करून घ्यायची हेही आमच्याकडचं ठरलेलं. इराणी कल्हईवाला गल्लीत येऊन गेला, मंगळवारी येतो म्हणाला. रविवारी जेवताना खैरूने विचारलं, "वरच्यांचीही करून घेऊ? बिचारा आजारातून येईल, भांडी चकचकीत दिसतील. पेटीत जायची ती. कोणाच्या देशात जाणार, कळकट कशी पाठवायची?"

मी यादी डोळ्यांसमोर आणली. भांडी, सात, रिकामी. म्हणालो, "कर. सात आहेत. दर आधी ठरव."

तिने मला विचारलं होतं. हे मी दोनदा लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात लोक तिच्याकडे बोट दाखवतील. मी "कर" म्हणालो.

शनिवारी, ७ तारखेला, तो घरी आला. जिना चढला. मी खालून ऐकत होतो. दोन टकटक. थांबणं. दार. मग झाकण उचलल्याचा आवाज, तांब्याचा. पुढे काही नाही. पावलं नाहीत, खुर्ची नाही. भांडं कोणाकडे रिकामं परत करायचं नाही म्हणून खैरूने सातही भांड्यांत काही ना काही ठेवलं होतं. त्या पातेल्यात खजूर होते.

संध्याकाळी तिने जेवणाचं ताट वर पाठवलं. तसंच परत आलं. रविवारीही. दार वाजवल्याचा आवाज बंद झाला होता. तो आतल्या खोलीतच बसून होता.

"मी काय केलं?" खैरू विचारत राहिली. "रागावला तर बोलू द्या ना. भांडं तर चांगलं केलं मी."

सोमवारी मी वर गेलो. पातेलं त्याच्या पुढ्यात होतं आणि कल्हईत खिडकीचा उजेड पडला होता. खजूर त्याने काढून रुमालावर ओळीने ठेवले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्याने हाताने थांबवलं आणि सांगितलं. एकदाच, न थांबता.

गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा चुलीवर चणे शिजत होते. आईने पातेलं तसंच शालीत गुंडाळून घेतलं. दोन दिवस चालून ते बंदरावर पोचले. धक्क्यावर हजारो माणसं. आईने झाकण उघडलं तेव्हा खालचे चणे जळाले होते, वरचे बरे होते. तिने त्याला दिले, स्वतः घेतले. धाकटी बहीण कातिना, सात वर्षांची, मावशीबरोबर पाणी बघायला गेली होती. तिचा वाटा आईने तळाशी ठेवला आणि झाकण घातलं. मग बोट लागली आणि गर्दी उसळली. मावशी दुसऱ्या दिवशी एकटी सापडली. कातिना सापडली नाही.

"आई चोवीस वर्षं जगली," स्टेलिओ म्हणाला. "तिने ते भांडं धुतलं नाही. म्हणायची, पोरगी अजून जेवली नाही. आमच्यात मेलेल्यांच्या नावाने गहू शिजवून वाटतात. बाबांचे वाटले, मावशीचे वाटले. कातिनाचे कधी शिजवू दिले नाहीत. जाताना मला म्हणाली, झाकण घट्ट लावू नकोस. म्हणून मी पेटीला खिळे ठोकत नव्हतो, एफेंदी. तिचा वाटा आत असताना कसे ठोकणार?"

मी खाली आलो. खैरूला सगळं सांगितलं. ती तांदूळ धूत होती. ती ऐकत राहिली आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला लागली. मग फक्त विचारलं, "सात वर्षांची?"

"हो."

आमची जमिला आठची होती. खैरूने तिचं नाव काढलं नाही. मीही नाही.

बुधवारी रोजे लागले. गुरुवारी, १२ तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास स्टेलिओ खाली आला. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण उघडं. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. खैरू अंगणात सुपात डाळ निवडत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"भाबी, ते कुठे टाकलंत?"

"टाकलं नाय," ती म्हणाली. "अन्न कोण टाकतं भाईजान? मोरीत अन्न गेलं तर गुन्हा लागतो. रविवारी रात्रभर पाणी घालून ठेवलं. मऊ झालं. सोमवारी सकाळी उलथन्याने काढलं, थाळीत घातलं आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. पाखरांना."

त्याने मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाल्लं?"

"खाल्लं."

"तुम्ही बघितलं?"

"बघितलं. दुपारी, जोहरच्या नमाजाच्या आधी. चिमण्या होत्या, दोन पारवे होते. चिमणी एक लहान, तिला पारवे येऊ देईनात. मी पारव्यांना हुसकलं. मग ती खाऊन गेली."

"सगळं?"

"दाणा ठेवला नाय."

आता मला जे माहीत आहे ते लिहितो. सोमवार, २ मार्चला सकाळी साडेनऊपासून धुळीचं वादळ होतं. धक्क्याचं काम बंद झालं, माझ्या डायरीत तास लिहिलेले आहेत. मी अकरा वाजता तोंडाला फडकं बांधून घरी आलो. खिडक्या बंद होत्या, फटींना ओली फडकी लावलेली होती. गच्चीवरचे कपडे काढायला मी स्वतः वर गेलो. कठड्याच्या पायथ्याशी एक कथलाची थाळी पालथी पडली होती. मी ती उचलून खाली आणली. रिकामी होती. तशा धुळीत पाखरं कुठे जातात मला ठाऊक नाही. गच्चीवर एकही नव्हतं.

आणि दुसरंही माहीत आहे. रोजा असताना माझी बायको खोटं बोलत नाही. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, मी कधी ऐकलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सूप हलवत राहिली.

स्टेलिओ मात्र माझ्याकडे वळला. "एफेंदी, तुम्ही त्या दिवशी घरी होता?"

याद्यांच्या बाबतीत मी कोणाला सूट दिलेली नाही. वजनात अर्धा रत्तल चुकला तर मी पेटी परत उघडायला लावलेली आहे.

"होतो," मी म्हणालो. "थाळी मीच खाली आणली. रिकामी होती."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

तो खाली बसला, तिथेच, आमच्या उंबऱ्यावर. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "जेवली म्हणजे." त्याने पाणी मागितलं. आमचा रोजा होता, खैरूने त्याला तांब्या भरून दिला आणि तो सबंध तांब्या प्यायला. पाच दिवसांत त्याने पाणी तरी घेतलं होतं की नाही कोण जाणे.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "भाबी, घरात गहू आहेत?"

होते. खिचड्यासाठी आणलेले, कांडून कोंडा काढलेले. त्याने वरून पातेलं आणलं, दोन्ही हातांनी धरून. खैरूने ते विसळलं आणि चुलीवर ठेवलं. तो अंगणात बसून मनुकांचे देठ काढत होता, बदाम सोलत होता. मध्येच म्हणाला, "डाळिंबाचे दाणे लागतात."

"आता डाळिंब कुठून आणू? साखर हाय, मनुका हाय. चालतील?"

"चालतील. तिला आंबट आवडत नव्हतं."

ती आता नाही अशा सुरात तिच्याबद्दल बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य होतं. खैरूने तोंड चुलीकडे वळवलं.

रोजा सोडायची तोफ झाली. एक एक खजूर खाऊन आम्ही ते गहू घेतले. त्याने पहिला चमचा खैरूला दिला, दुसरा मला, मग स्वतः घेतला. उभ्याने काही पुटपुटला. खैरूला त्याचा अर्थ कळण्याचं कारण नव्हतं, पण तो थांबला तेव्हा ती "आमीन" म्हणाली. उरलेले गहू तिने कागदांत बांधून मोहल्ल्यात वाटले. अबू खालिदने विचारलं, कोणाच्या नावाचे? "वरच्या भाईजानच्या बहिणीच्या," तिने सांगितलं. त्याने दोन्ही हात पुढे करून घेतले.

दुसऱ्या दिवशी स्टेलिओ यादी घेऊन आला. "क्रमांक एक. रिकामं लिहिलंय ना? तसंच ठेवा."

"किमतीचा रकाना?" मी भीत भीत विचारलं.

"कल्हईचा खर्च किती आला?"

"या एका भांड्याचा? एक रुपया बारा आणे."

"तेवढी लिहा. शाईने." आणि मग चिठ्ठीसाठी त्याने सांगितलेलं मी इंग्रजीत टाइप केलं : आईचं पातेलं. कल्हई कुवेतला, खैरुन्निसाबाईंनी करवली. सहाव्या पेटीला खिळे त्याने स्वतः ठोकले. एकवीस.

त्यानंतर वरच्या खोलीतून आवाज यायचा थांबला असं खैरू म्हणते. खोलीच रिकामी झाली होती, आवाज कशाचा येणार?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो गेला, नोकरी सोडून, पेट्यांबरोबरच. बोट बाहेर उभी होती, माल आणि माणसं मचव्यातून न्यायची. मी धक्क्यावर कागद घेऊन हजर होतोच. त्याने माझा हात धरला. मचवा सुटला. मी पेट्या मोजत राहिलो, सहा. तो तिसऱ्या पेटीला टेकून बसला होता. खैरूने दिलेलं फडकं त्याने मांडीवर सोडलं, भाकरी काढली, अर्धी मोडून मचव्यावरच्या तांडेलाला दिली आणि खायला लागला. इकडे पाहून हात करील म्हणून मी उभा होतो. त्याने पाहिलं नाही. भूक लागलेल्या माणसासारखा तो खात होता, आणि मचवा गलबतांच्या आड दिसेनासा झाला.

घरी आलो तर खैरू जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"गेला?"

"गेला. सहाच्या सहा पेट्या चढल्या."

"आता जमिलाला आणा."

मी सुरू केलं, घर पडणार, नवं भाडं किती असेल, शाळेची फी, पुस्तकं...

"हिशोब मला वाचून दाखवू नका," ती म्हणाली. "बारा वर्षांत तुमचा एक हिशोब चुकला नाय, ठाऊक हाय मला. पोर आणा."

शनिवार, १७ ऑक्टोबर १९५९. मुंबई ते कुवेत, डेकचं अर्धं तिकीट एक. प्रवासी जमिला हुसेन, वय आठ. सोबत गावची हलिमाबी. रक्कम चौऱ्याऐंशी रुपये. देणारा माझा मेहुणा इब्राहिम, माझ्या वतीने. घेणारा बोट कंपनीच्या मुंबईच्या खिडकीवरचा कारकून. पावती माझ्याकडे आहे.